दुकान मोठे, रस्ता तेवढाच!

भोकर, हिमायतनगर मागे टाकून किनवटकडे निघाले की वाटेत इस्लापूर लागते. राष्ट्रीय महामार्ग १६१-अ म्हणजे इथल्या माणसांची रोजची पायवाटच. एसटी याच रस्त्याने येते, जीप-ऑटो इथेच प्रवासी भरतात, शाळेची पोरं इथूनच जातात आणि अडल्यानडल्या पेशंटची गाडीही याच रस्त्याने पळते. कापूस निघाला की भरलेल्या गाड्यांची रांग लागते. पावसाळ्यात सहस्रकुंडचा धबधबा पाहायला येणाऱ्यांची वर्दळ वेगळीच.

किराणा, कापडचोपड, भांडीकुंडी एकाच छताखाली विकणारी 'मार्ट' नावाची मोठी दुकाने आता शहरापुरती राहिलेली नाहीत. उद्या अशा दुकानासाठी इस्लापूरसारख्या गावात वस्तीला लागून जागा पाहिली गेली तर? माल स्वस्त मिळेल, चार पोरांच्या हाताला काम मिळेल, हे खरेच. त्याला कोण कशाला नाही म्हणेल? पण बोलणे होते ते भावाचे. रस्त्याचे कुणी बोलत नाही. रस्त्याची आठवण होते पहिला अपघात झाल्यावर. तोवर इमारत उभी राहिलेली असते.

गर्दी होते कशी?

गल्लीतल्या किराणा दुकानात माणूस पायी जातो, पावशेर तेल नि अर्धा किलो साखर घेऊन घरी येतो. मोठ्या दुकानाचा हिशेब निराळा. तिथे महिन्याचा बाजार एकदम भरायचा, म्हणजे गाडी आलीच. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसेही तिथेच येणार. पगाराचे दिवस, पोळा, दिवाळी आली की सगळे एकाच वेळी. त्यात माल उतरवायला ट्रक. आवारात जागा नसली की ट्रक रस्त्यावर, मोटारसायकली साइडपट्टीवर आणि पायी चालणारा थेट डांबरावर! सर्वांत वाईट म्हणजे समोरची वाहतूक कापून आत वळणे. लांबचा वळसा कोण घेतो? मग उलट्या बाजूने गाड्या घुसतात.

गर्दीचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो. मुंबईत हाजीअलीजवळ १९९९ साली 'क्रॉसरोड्स' हे भव्य बाजारसंकुल उघडले. लोक इतके लोटले की काही काळ मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवणाऱ्यालाच फुकट प्रवेश मिळे, बाकीच्यांना साठ रुपये मोजावे लागत. मुंबईतल्या मोठ्या व्यापाऱ्यांची ही गत, तर गावाने आधीच विचार केलेला बरा.

जपानने २००० सालापासून यासाठी वेगळा कायदाच लागू केला. हजार चौरस मीटरपेक्षा मोठे दुकान काढायचे तर वाहनतळ किती, गाड्या आत-बाहेर कुठून करणार, माल कोणत्या वेळी उतरवणार, हे सरकारला आधी लेखी कळवावे लागते. मालकाला रहिवाशांची सभा घेऊन सगळे समजावून सांगावे लागते आणि लोकांना हरकती मांडायला मुदत मिळते. दुकान नंतर, बोलणे आधी.

आपल्या हाती काय आहे?

अगदीच काही नाही असे नव्हे. राष्ट्रीय महामार्ग (जमीन व वाहतूक) नियंत्रण अधिनियम, २००२ नुसार महामार्गावर मनाला येईल तिथून वाहनांची ये-जा सुरू करता येत नाही. महामार्ग प्रशासनाची परवानगी लागते. राज्याने २०२० साली मंजूर केलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत दुकानाच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाहनतळाची जागा ठरवून दिली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ खाली वाहने कुठे थांबावीत हे स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवता येते.

किनवट तालुक्यातली पुष्कळ गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. अशा गावांत १९९६ च्या 'पेसा' कायद्याने गावबाजाराचे व्यवस्थापन ग्रामसभेकडे व पंचायतीकडे दिले आहे. खासगी दुकान म्हणजे गावबाजार नव्हे, हे खरे. पण आठवडी बाजार कुठे भरावा, त्याच्या गाड्या कुठे लागाव्यात, हे ठरवणे गावाच्या हाती आहे. बाजार आणि मोठे दुकान एकाच तोंडाशी आले तर रस्ता तुंबणारच.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

वर्षातून निदान चार ग्रामसभा होतात. तिथे परवानगीचा विषय निघेल तेव्हा गावकऱ्यांनी साधे प्रश्न विचारावेत. सणाच्या दिवशी एका वेळी किती गाड्या येतील आणि त्या आवारात मावतील काय? माल उतरवायचा ट्रक आत शिरेल की रस्त्यावर उभा राहील? शाळा भरायच्या-सुटायच्या वेळी मालाच्या गाड्या बंद राहतील काय? आत जायचे तोंड बसथांब्यापासून, वळणापासून किती लांब? पायी चालणाऱ्याला वेगळी वाट आहे काय? महामार्गाची परवानगी हातात आहे की 'येईल' म्हणतात?

उत्तरे तोंडी नकोत, ठरावात लिहून घ्यावीत. तोंडी शब्द सरपंच बदलला की विसरला जातो. ठराव दप्तरात राहतो नि पुढे तहसीलला, महामार्गाच्या कार्यालयाला दाखवता येतो.

गावातल्या छोट्या दुकानदारांनी यात आपला राग मिसळू नये. धंद्याची भीती वेगळी, रस्त्याची वेगळी. दोन्हींची खिचडी झाली की 'हे स्पर्धेला भितात' म्हणून रस्त्याचा खरा प्रश्नही बाजूला पडतो. दुकान कुठे चालते, कुठे बंद पडते. पण त्याच्यासाठी फोडलेले महामार्गाचे तोंड सहसा बुजत नाही. म्हणून पाया खोदण्याआधी, नकाशा टेबलावर असतानाच गावाने बोलले पाहिजे.