बाटली हलवू नका

2025चं रसायनशास्त्राचं नोबेल धातू-सेंद्रिय जाळ्यांसाठी कितागावा, रॉबसन आणि यागी यांना मिळालं. आनंद झाला, आणि पाठोपाठ रागही आला. मेलबर्नच्या रॉबसनना ही कल्पना 1974 मध्ये सुचली, विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्यांची मॉडेलं करून घेताना. त्यावरचा शोधनिबंध आला 1989 मध्ये. आज आमच्या पीएचडीच्या मुलांना पाच वर्षांत सगळं आटपायचं असतं, आणि फेलोशिप महिनोन्‌महिने अडकलेली असते.

रेणू एकमेकांना कसे ओळखतात, या आमच्या विषयातलं लेन, क्रॅम, पेडरसन यांचं 1987चं नोबेल पुस्तकांत आहेच. मी जगलो ते नव्वदचं दशक. हैदराबादच्या गौतम देसिराजूंचं स्फटिक-अभियांत्रिकीवरचं पुस्तक तेव्हा आमच्यात हातोहात फिरायचं. रेणू-रेणूंमधल्या दुबळ्या ओढीवर अख्खा स्फटिक बेतता येतो, या कल्पनेनं झोप उडवली होती. स्फटिक वाढवायला द्रावणाची बाटली, तिच्या तोंडाला पॅराफिल्म, त्या फिल्मला सुईनं पाडलेली भोकं आणि कपाटावर चिठ्ठी : ‘बाटली हलवू नका’. तीन-तीन आठवडे वाट पाहायची. स्फटिक मिळाला की मायक्रोस्कोपखाली सगळ्या बाजूंनी निरखायचा, मग काचेच्या तंतूच्या टोकाला अ‍ॅरल्डाइटनं चिकटवायचा. क्ष-किरणांचं डिफ्रॅक्टोमीटर एकेक परावर्तन मोजत चार-पाच दिवस घ्यायचं. रात्री वीज गेली की पोटात गोळा यायचा.

माझा प्रबंध कार्बनवरच्या हायड्रोजनच्या ऑक्सिजनशी असलेल्या जवळिकीवर उभा होता. एका परीक्षकांनी तिला योगायोग म्हणून झटकून टाकलं. टेलर आणि केनर्ड यांनी 1982 मध्येच न्यूट्रॉन विवर्तनाच्या 113 रचना तपासून तो योगायोग नसून हायड्रोजन बंध असल्याचं दाखवलं होतं. मी ते मांडलं, परीक्षकांनी ऐकलं नाही. प्रकरण पुन्हा लिहिण्यात आठ महिने गेले. 2011 मध्ये आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं हायड्रोजन बंधाची व्याख्या नव्यानं केली, तीत कार्बनलाही जागा मिळाली. माझे आठ महिने मात्र गेले ते गेलेच.

आता दिवसांचं मोजमाप तासांत होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण नमुना कुरियरनं जातो, रचना ईमेलनं येते. एकाच द्रावणातून दोन रूपांचे स्फटिक येऊ शकतात, ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत कसं? परवा एका विद्यार्थिनीला तिच्या स्फटिकाचा आकार विचारला.

“पाहिला नाही, सर.”

उरलेली बाटली आण म्हटलं, तर ती धुऊन ठेवली होती.