बारा आकडे, एक रेघ

जाफराबाद तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या रानाची माती तपासायला दिली की हाती येते जमीन आरोग्य पत्रिका. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत बारा गोष्टी मोजतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. गणिताच्या हिशोबाने तुमचं वावर म्हणजे बारा मितींतला एक बिंदू. कागदाला मिती दोनच.

समजा, नत्र हेक्टरी १९६ किलो आणि जस्त ०.३ पीपीएम निघालं. नजर १९६वर जाते, ०.३ खिजगणतीतही नसतं. दोन्ही एकाच स्तंभालेखात मांडले तर जस्ताचा खांब दिसायचाच नाही. तोड शाळकरी आहे. प्रत्येक अन्नद्रव्याच्या आकड्याला त्याच्या किमान पातळीने भागायचं. नत्राची २८०, जस्ताची ०.६, उत्तरं ०.७ आणि ०.५. म्हणजे जास्त चणचण जस्ताची! (सामूला हे गणित चालत नाही, तो चढला तरी वाईट, उतरला तरी.)

आता बारा उभे अक्ष शेजारी शेजारी काढा, प्रत्येकावर आपला आकडा टिंबाने दाखवा आणि टिंबं जोडा. एक नमुना, एक वाकडीतिकडी रेघ. फ्रान्सच्या मोरीस दोकान्य यांनी १८८५ साली समांतर अक्षांवर पुस्तक लिहिलं. पुढे आल्फ्रेड इन्सेलबर्ग यांनी ही पद्धत बहुमितीय माहितीसाठी रुळवली.

गावातले सगळे नमुने एकदम काढले की मात्र नुसता गुंता होतो. मग बाकीच्या रेघा फिक्या करड्या ठेवायच्या, आपली तेवढी ठळक. खरी गंमत अक्षांच्या क्रमात आहे. चुनखडीच्या जमिनीत सामू चढला की पिकाला मिळणारं जस्त आणि लोह घटतं. सामूशेजारी जस्ताचा अक्ष ठेवला, की जिथे हे नातं पक्कं तिथे मधल्या रेघा एकमेकींना छेदून फुली पडते. मध्ये पालाश घुसवला की फुली गायब. आकडे तेच, बोलणं बंद.

कचेऱ्यांना आवडणारा कोळ्याच्या जाळ्यासारखा आलेख मी टाळेन. त्यात क्रम बदलला की आकाराचं क्षेत्रफळही बदलतं, आणि डोळा क्षेत्रफळालाच भुलतो. लाल-हिरव्याचा सोसही नको: काहींना ते दोन रंग वेगळे दिसत नाहीत, शिवाय पत्रिकेची झेरॉक्स काळी-पांढरीच निघते. तुटक आणि सलग रेघ झेरॉक्समध्येही ओळखू येते.