अमेरिकेचा दिवा, नगरचं व्होल्टेज

अमेरिकेतून सुट्टीला आलेल्या मुलानं बॅगेतून देखणा टेबललॅम्प काढला, की घरात पहिला प्रश्न निघतो : आपल्याकडं चालेल का हा? ओळखीचा वायरमन म्हणतो, "पिन बदला, चालतंय." दुकानदार म्हणतो, "लावू नका, उडेल." दोघंही अर्धे बरोबर असतात. वायरमनच्या डोळ्यांपुढं लॅम्प असतो, दुकानदाराच्या डोळ्यांपुढं त्यातला बल्ब.

साधा लॅम्प म्हणजे बूड, दांडा, वायर, बटण आणि होल्डर. बल्ब काढून होल्डरच्या पितळी कवचावरचा ठसा वाचा. बऱ्याच अमेरिकी होल्डरांवर '६६० वॅट, २५० व्होल्ट' असं कोरलेलं असतं. वायरवर बारीक अक्षरांत बहुधा ३०० व्होल्ट. म्हणजे १२० व्होल्टच्या देशातला हा सांगाडा आपले २३० बिनतक्रार सोसतो. चपट्या पात्यांचा प्लग काढून आपला बसवायचा, बल्ब इथला २३० व्होल्टचा, पण आट्यांचा लावायचा, काम झालं. एक काळजी तेवढी घ्यावी. अमेरिकी प्लगचं एक पातं रुंद असतं, म्हणून तो एकाच बाजूनं बसतो आणि होल्डरच्या आट्यांकडं कायम न्यूट्रल येतो. आपला दोन पिनांचा प्लग कसाही बसतो, त्यामुळं आट्यांत फेज येऊ शकतो. तेव्हा बल्ब बदलताना नुसतं लॅम्पचं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढून ठेवावा.

खरी फसगत बल्बात आहे. आपल्या घरांतले बल्ब बहुतेक पिनचे. ही पद्धत ब्रिटिशांकडून आली आणि अमेरिकी होल्डरात तो बल्ब जातच नाही, त्यामुळं चूक करायची सोयच नाही. आट्यांचा बल्ब मात्र घात करतो. अमेरिकी आटे २६ मिलिमीटरचे, युरोपातले आणि आपल्या झुंबरांतले २७चे. एका मिलिमीटरनं काही अडत नाही, तिकडचा बल्ब इकडं मजेत बसतो. तारेचा १२० व्होल्टचा बल्ब २३०वर लावला, की ती तार जवळपास तिपटीनं वीज ओढू पाहते. क्षणभर डोळे दिपवणारा पांढरा उजेड, 'टिक्' असा आवाज, आणि खेळ संपला.

उलट बाजूनं काही फुटत नाही. आपला ६० वॅटचा तारेचा बल्ब न्यू जर्सीत लावला तर तो २० वॅटच्या आसपास वीज खातो आणि उजेड देतो जेमतेम एक दशांश. निम्मं व्होल्टेज म्हणजे निम्मा उजेड असा सरळ हिशेब इथं लागत नाही. तार जराशी थंड झाली की तिचा उजेड धाडकन उतरतो.

हे समजायला न्यू जर्सीला जायची गरज नाही. नगर जिल्ह्यातल्या नेवासा-राहुरीच्या पट्ट्यात वस्तीवर राहिलेल्या कुणालाही विचारा. डीपी लांब, तिथून आलेली लाईन लांबलचक, आणि थ्री फेज आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू. वस्तीवर २३०ऐवजी १८० व्होल्ट पोचले, तर तारेच्या बल्बाचा उजेड निम्म्याच्याही खाली जातो, १५०ला पाव उरतो. दुसरं टोक याहून वाईट. डीपीवरचा न्यूट्रल तुटला, की ज्या फेजवर भार कमी त्या घरांत व्होल्टेज चढत चढत ४००च्या दिशेनं जातं आणि टीव्ही, फ्रीज, बल्ब एका झटक्यात जातात. परदेशी व्होल्टेज असं घरबसल्या भेटतं, आणि त्याला व्हिसा लागत नाही.

या भागाचा अमेरिकेशी विजेचा संबंधही जुना आहे. १९६९मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं, त्यानंतर अमेरिकेतल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या धर्तीवर देशात पाच संस्था उभ्या राहिल्या. त्यातली एक श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. सहकारी साखर कारखान्यांच्या या जिल्ह्याला ही कल्पना परकी वाटण्याचं कारणच नव्हतं. २०११च्या सुरुवातीला महावितरणनं कारभार हाती घेईपर्यंत सुमारे चार दशकं ही संस्था वीज वाटत होती. अमेरिकेकडून घेतला तो संस्थेचा साचा. तारांमधली वीज आपल्याच पद्धतीची, ५० हर्ट्झची राहिली.

मुळात जगाच्या या दोन वाटा झाल्या कशा? एडिसननं १८८२मध्ये न्यूयॉर्कला वीज पुरवली ती ११० व्होल्टच्या आसपास, कारण त्याच्या बल्बातली कोळशाची तार तेवढ्यावर नीट चालायची. १८९९मध्ये बर्लिनच्या वीज कंपनीनं २२० व्होल्टकडं जायचं ठरवलं. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढ्याच वॅटला निम्मा करंट लागतो आणि तांब्याच्या तारा बारीक चालतात. वाचलेल्या तांब्यापुढं गिऱ्हाइकांचे बल्ब आणि मोटारी बदलून देणं स्वस्त होतं. युरोप त्या वाटेनं गेला. अमेरिकेत तोवर जुन्या व्होल्टेजची उपकरणं घरोघर पसरली होती, ती मोडायची कुणाची तयारी नव्हती. जपाननं तर १०० व्होल्ट धरले, त्यात पूर्व भागाला ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला ६०, कारण सुरुवातीला टोकियोनं जर्मन जनरेटर घेतले आणि ओसाकानं अमेरिकी.

आता एलईडीनं हा खेळ बदलला आहे. एलईडीला स्वतःला हवी असते मोजकी डीसी वीज, आणि ती तयार करते बल्बाच्या मानेत बसवलेली छोटी सर्किटची पट्टी. ती किती व्होल्टेज झेलेल, ते बल्बाच्या मानेवर छापलेलं असतं. अमेरिकी बल्बावर अनेकदा नुसतं १२० असतं, युरोपातल्यावर २२० ते २४०. आपल्याकडच्या बऱ्याच बल्बांवर मात्र १०० ते ३०० अशी ऐसपैस मर्यादा सापडते. कारण उघड आहे : संध्याकाळी १६०ला टिकायचं आणि रात्री मोटारी बंद झाल्यावर २६०लाही टिकायचं, नाहीतर गिऱ्हाईक बल्ब दुकानात परत आणून देतं. म्हणजे वस्तीवरच्या विजेसाठी बनवलेला नव्वद-शंभर रुपयांचा बल्ब न्यू जर्सीतही पूर्ण उजेड देतो, आणि तिकडचा महागडा इथं पहिल्याच बटणाला जातो. आपल्या पुरवठ्याच्या दोषांचं कौतुक कुणी करू नये, पण हा नफा त्यांचाच आहे.

सगळेच दिवे असे समजूतदार नसतात. बोट लावताच पेटणारा किंवा उजेड कमीजास्त करता येणारा अमेरिकी लॅम्प इथं थेट लावू नये, त्याच्या बुडातलं सर्किट १२०चंच असतं. त्याला चांगला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. प्रवासाचं अ‍ॅडाप्टर नुसता पिनांचा आकार बदलतं, व्होल्टेज नाही. हे ठाऊक नसल्यामुळं किती वस्तू जळतात! नाताळच्या छोट्या बल्बांच्या माळाही तिकडंच राहू द्याव्यात. अडीच-अडीच व्होल्टचे पन्नास बल्ब एकामागं एक जोडलेले असतात, त्यांचा हिशेब १२५लाच संपतो. दुबईत किंवा लंडनमध्ये यातलं काहीच आड येत नाही, व्होल्टेज आपलंच आणि पिनचा बल्बही तिथं ओळखीचा. बदलायचा तो फक्त प्लग.

राहिला दिवाळीला मुलांना पाठवायचा आकाशकंदील. अमेरिकेला जाणार असेल तर त्यात १०० ते ३०० छापलेला एलईडी बल्ब लावा, प्लगला तिकडचं अ‍ॅडाप्टर जोडा. नऊ वॅटच्या एलईडीला करंट इतका कमी लागतो की निम्म्या व्होल्टेजवरही आपली साधी वायर गरम होत नाही. फक्त तिकडच्या दुकानांत पिनचा बल्ब सहज मिळत नाही, तेव्हा कंदिलाबरोबर दोन जादा बल्ब बांधून द्या.