जुन्या जीपची थरथर : दुखणे नेमके कोठे आहे ते कसे ओळखावे?



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत आणि पाणी यांवर लिहावे, मोटारगाडीच्या दुखण्यावर कशाला, असे कोणी म्हणेल. पण अनसिंग परिसरात पुष्कळ सभासदांच्या दारात जुनी जीप उभी असते. कोणी ती लिलावात घेतलेली, कोणाची वडिलांच्या वेळेपासूनची. बेण्याच्या मोळ्या, खताची पोती, डिझेलचा डबा, टोळीसाठी किराणा, सर्व काही तीच वाहते. हीच जीप वाशिम-पुसद रस्त्यावर जरा वेगात आली की अंग झाडू लागते. मालक घाबरून गॅरेजला नेतो. आधी क्लचप्लेट बदलली जाते, थरथर तशीच. मग गिअरबॉक्स खोलला जातो, तरी थरथर तशीच. शेवटी कळते की दोष एका क्रॉसमध्ये होता. यालाच म्हणतात, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पैसा जातो तो जातोच, शिवाय ऐन हंगामात चार दिवस गाडी अडकते. आणि खरा दोष तसाच राहिला तर एखाद्या दिवशी जिवावरही बेतते. म्हणून पाना हातात घेण्याआधी दुखणे कसे ओळखावे, ते येथे सांगतो.

ताकद चाकापर्यंत कशी जाते?

१९४७ पासून महिंद्र कंपनीने विलीज जीप आपल्या देशात आणली. त्या धर्तीच्या जुन्या जीपमध्ये इंजिनाची ताकद क्लच, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांतून निघते. तेथून प्रॉपेलर शाफ्ट नावाच्या पोकळ दांड्याने ती मागच्या हाउसिंगमधील क्राऊन-पिनियनला मिळते आणि मग चाकांना. गिअरबॉक्स चासीला बांधलेला असतो, तर मागचा अ‍ॅक्सल कमानपाट्यांवर सारखा वरखाली होतो. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असतो, आणि लांबी कमी-जास्त व्हावी म्हणून मध्ये दात्यांचा सरकता जोड असतो.

या क्रॉसची एक खोड आहे. शाफ्ट वाकड्या रेषेत फिरला की एका बाजूने एकसारखी फिरत आलेली गती दुसऱ्या बाजूला एकसारखी राहत नाही. प्रत्येक फेरीत ती दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चूक भरून काढतो, पण त्याला दोन अटी आहेत. दोन्ही टोकांचा कोन सारखा पाहिजे, आणि शाफ्टवरचे दोन्ही काटे एका रेषेत पाहिजेत. यांपैकी एक जरी अट मोडली तरी नवाकोरा क्रॉस घालूनही गाडी हिसके देणारच.

थोडा हिशोब

सोळा इंची रिमचा जुना टायर एका फेरीत सुमारे सव्वादोन मीटर रस्ता कापतो. म्हणजे ताशी ४० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे ५ फेऱ्या घेते. सीजे-३बी जीपच्या क्राऊन-पिनियनचे प्रमाण ५.३८ आहे, म्हणून त्याच वेळी शाफ्ट सेकंदाला सुमारे २७ फेऱ्या घेतो. यावरून एक खूण ध्यानात ठेवा. मोजता येईल असे हेलकावे बसत असतील तर संशय चाकांवर घ्यावा. मोजता न येणारी, पायाखालचा पत्रा झिणझिणवणारी थरथर असेल तर संशय शाफ्टवर किंवा इंजिनावर घ्यावा.

पण टॉप गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट दोघेही एकाच गतीने फिरतात. म्हणून नुसते टॉपमध्ये चालवून या दोघांतला चोर सापडत नाही. त्यासाठी पुढील परीक्षा आहेत.

आधी गाडी धुवा

ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. आपल्या काळ्या जमिनीचा चिखल रिमच्या आतल्या बाजूला बसतो आणि वाळून दगडासारखा होतो. एका बाजूला एवढा भार बसल्यावर चाक झोके घेणारच. शाफ्टवरही चिखलाचा थर चढतो. म्हणून आधी चाके आतून खरवडून धुवावीत, हवा सारखी भरावी, चाकांचे नट आवळावेत. काही गाड्यांचे दुखणे येथेच संपते.

चार परीक्षा

गाडी रिकामी असावी, रस्ता सपाट आणि मोकळा असावा. एकाने चालवावे आणि दुसऱ्याने शेजारी बसून लक्ष द्यावे.

पहिली परीक्षा, उभ्या गाडीची. न्यूट्रलमध्ये इंजिनाची गती हळूहळू वाढवा. उभी गाडीच थरथरत असेल तर शाफ्टचा आणि चाकांचा काही संबंध नाही. इंजिनाचे फाउंडेशन रबर, फ्लायव्हील, क्लच इकडे पाहावे. आता क्लच दाबून बघा. थरथर थांबली तर क्लचप्लेट किंवा गिअरबॉक्सकडे बोट जाते. तशीच राहिली तर दोष इंजिन, फ्लायव्हील किंवा प्रेशरप्लेटकडे. गाडी उठतानाच, क्लच सोडताना हिसके देत असेल आणि नंतर गुण्यागोविंदाने चालत असेल, तर क्लचप्लेटला तेल लागले आहे का आणि फाउंडेशन रबर फाटले आहे का, हे पाहावे.

दुसरी परीक्षा, वेग तोच आणि गिअर वेगळा. थरथर ज्या वेगाला येते तो वेग टॉपमध्ये लक्षात ठेवा. मग खालचा गिअर टाकून त्याच वेगाने चालवा. वेग तोच असूनही थरथर बदलली किंवा गेली, तर ती इंजिनाशी बांधलेली आहे. जशीच्या तशी राहिली, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे, म्हणजे शाफ्ट, हाउसिंग किंवा चाकांत आहे. मात्र इंजिन किंचाळेपर्यंत खालच्या गिअरमध्ये ओढू नये.

तिसरी परीक्षा, सुटी गाडी. थरथरीच्या वेगाला आल्यावर न्यूट्रल करा आणि गाडी आपल्या गतीने जाऊ द्या. हे उतारावर कधीही करू नये, आणि चावीही बंद करू नये. थरथर चालूच राहिली तर चाक किंवा शाफ्टचा तोल गेला आहे. न्यूट्रल करताच थांबली तर ती इंजिनाची तरी आहे किंवा ओढीची तरी. दुसऱ्या परीक्षेशी ताडून बघितले की उलगडा होतो.

चौथी परीक्षा, ओढीची. ॲक्सिलेटर दाबल्यावरच थरथर येत असेल आणि पाय सैल सोडताच जात असेल, तर झिजलेला क्रॉस, सैल यू-बोल्ट किंवा बिघडलेला कोन यांचा संशय घ्यावा. थरथरीपेक्षा हूं-हूं आवाजच जास्त असेल आणि दाबताना एक सूर, सोडताना दुसरा सूर निघत असेल, तर क्राऊन-पिनियन व त्याचे बेअरिंग पाहावे. हाउसिंगमधील तेल आधी तपासावे.

स्टिअरिंग हातात नाचत असेल तर पुढची चाके, आणि बैठक किंवा पत्रा थरथरत असेल तर मागचा भाग, अशी ढोबळ खूणही उपयोगी पडते.

खाली वाकून काय पाहावे?

इंजिन बंद करून शाफ्ट हाताने दोन्हीकडे पिळून बघा. क्राऊन-पिनियनमुळे थोडी ढिलाई असतेच, तिला घाबरू नये. पण काटा आणि क्रॉस यांच्यामध्येच हालचाल दिसली तर तो क्रॉस गेला असे समजावे. कपाभोवती गंजासारखी तांबडी भुकटी दिसली तर आतील सुया कोरड्या पडल्या आहेत. वेळेवर ग्रीस न दिल्याचा हा पुरावाच होय.

शाफ्टला बांधावर किंवा दगडावर आपटून पोचा आला आहे काय, चिकटवलेले तोलाचे वजन गळून पडले आहे काय, तेही पाहावे. सरकत्या जोडावर दोन बाण कोरलेले असतात. ते समोरासमोर आले म्हणजे काटे एका रेषेत आले. बाण दिसत नसतील तर शाफ्ट खोलण्यापूर्वी आपणच छिन्नीने खूण करावी.

आणखी एक गोष्ट. जास्त माल वाहण्यासाठी पुष्कळजण कमानपाटे वाढवतात. त्यामुळे गाडीचा मागचा भाग उचलला जातो, शाफ्टचा कोन वाढतो आणि काल ठणठणीत असलेली गाडी आज थरथरू लागते. पाटे वाढवल्यानंतरच दुखणे सुरू झाले असेल तर क्रॉस बदलून उपयोग नाही. आधी कोन दुरुस्त करून घ्यावा.

पुढचा शाफ्टही विसरू नये. फ्री व्हील हब नसलेल्या जीपमध्ये फोर व्हील टाकलेली नसली तरी पुढची चाके तो शाफ्ट फिरवतच असतात. संशय असेल तर पुढचा शाफ्ट मिस्त्रीकडून तात्पुरता काढून घ्यावा आणि साध्या टू व्हीलमध्ये थोडे अंतर चालवून पाहावे.

जिवाची काळजी

विलीज धर्तीच्या जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. म्हणून मागचा शाफ्ट काढला किंवा तुटला की हँडब्रेक उरतच नाही. तसेच जॅक लावून मागचे एक चाक उचलले की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते, कारण उचललेले चाक उलटे फिरून जमिनीवरच्या चाकाला मोकळीक देते. गाडीखाली जाण्यापूर्वी चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ओंडके लावल्याशिवाय राहू नका. घरच्या पोरांनाही हे सांगून ठेवा.

क्रॉस तुटून शाफ्टचे पुढचे टोक धावत्या गाडीत खाली पडले तर ते रस्त्यात रुतून गाडी उधळू शकते. थरथरीबरोबर खाड्‌खाड् आवाज येऊ लागला तर गाडी तेथेच उभी करावी, मागे माणसे बसलेली असतील तर अगोदर उतरवावीत.

ट्रॅक्टरवाल्या सभासदांसाठी

हाच नियम रोटाव्हेटरच्या पीटीओ शाफ्टलाही लागू आहे. तो मिनिटाला ५४० फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला ९. बांधावर वळताना पीटीओ चालू ठेवून रोटाव्हेटर उंच उचलला की क्रॉसचा कोन भलताच वाढतो आणि शाफ्ट खडखडतो. तो खडखडाट म्हणजे क्रॉसचे आयुष्य कमी होत असल्याची सूचना आहे. खोडव्यात पाचट कुट्टी करताना तर दिवसभर असे वळावे लागते. वळताना पीटीओ बंद करण्याची सवय लावावी. शाफ्टवरचे प्लास्टिकचे आवरण काढून टाकू नये. उपरणे, धोतराचा सोगा, साडीचा पदर त्यात अडकला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही.

शेवटी एक विनंती. गॅरेजला जाण्यापूर्वी कागदावर तीन ओळी लिहून न्या : थरथर कोणत्या वेगाला येते, गिअर बदलल्यावर काय होते, आणि ॲक्सिलेटर सोडल्यावर काय होते. उसावरचा रोग ओळखल्याशिवाय आपण फवारणी करीत नाही, तीच शिस्त गाडीलाही लावावी. चांगला मिस्त्री या तीन ओळींवरून बरोबर जागी हात घालील, आणि जो या ओळी न वाचताच गिअरबॉक्स खोलायला निघेल, त्याच्या हाती गाडी देण्यापूर्वी सभासदांनी दोनदा विचार करावा.

— ऊस विकास अधिकारी