ओट्यावरची सावली

शहरातल्या बहुतेक फ्लॅटांमध्ये स्वयंपाकघराची ट्यूब ओट्याच्या विरुद्ध भिंतीवर, नाहीतर छताच्या मधोमध असते. ओट्याशी उभं राहिलं की तिच्याकडे पाठ होते आणि कांदा, सुरी, बोटं सगळं स्वतःच्याच सावलीत जातं. मग 'इथे उजेडच पडत नाही' म्हणून जास्त वॅटची ट्यूब आणली जाते. सावली हटत नाही, कारण दिव्याची जागा तीच राहते.

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. तो किती प्रकाश देतो, हे ल्युमेनमध्ये मोजतात. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब ७०० ल्युमेनच्या आसपास देई. आजचा ९ वॅटचा एलईडी त्याहून थोडा जास्तच देतो. हे शक्य झालं ते निळ्या एलईडीमुळे. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१५ मध्ये, 'उजाला' योजना सुरू झाली आणि तिच्यातून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब देशभर पोहोचले. दिवे बदलले, त्यांचे पॉइंट मात्र जिथल्या तिथे राहिले.

अंतराचा हिशेब साधा आणि कठोर आहे: अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाईवर येतो. सगळीकडे सारखा प्रकाश फेकणारा ८०० ल्युमेनचा बल्ब दोन मीटरवरून वहीवर थेट जेमतेम १६ लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला १६ ल्युमेन, टाकतो. भिंती पांढऱ्या असल्या तर परावर्तनाने त्यात बरीच भर पडते, गडद रंगाच्या असल्या तर फारशी नाही. तोच बल्ब अर्ध्या मीटरवर आणला तर सुमारे २५५ लक्स मिळतात. म्हणजे सोळापट, आणि बिलात एका पैशाचाही फरक नाही! मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर ४० वॅटची पट्टी लावण्यापेक्षा ९ वॅटचा टेबललॅम्प का बरा, ते इथे कळतं. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने तो डावीकडे ठेवावा.

ओट्यासाठीही हाच उपाय. वरच्या कपाटाच्या तळाशी, पुढच्या कडेला एलईडीची पट्टी लावली की प्रकाश हातांच्या पुढून येतो. ती घेताना खोक्यावरचा सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतील त्याचा आकडा, जरूर पाहावा. हा ९० च्या पुढे असेल तर वाटण खमंग लालसर झालंय की करपायला लागलंय, हे डोळ्यांना नीट समजतं. स्वस्त दिव्यांत नेमका लाल रंगच मार खातो.

झोपण्याच्या खोलीत प्रश्न वेगळा. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी दृश्य दाखवण्यापेक्षा दिवस-रात्रीची खबर मेंदूला देण्याचं काम अधिक करतात, आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. ६५०० केल्विनच्या पांढऱ्याशुभ्र दिव्यात हा निळा भाग भरपूर असतो. रात्री तिथे २७०० केल्विनचा पिवळसर, मंद दिवा हवा. छताचा दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर मात्र नसावा. पाती फिरली की सगळी खोली लुकलुकते.

घरात आजी-आजोबा असतील तर हिशेब आणखी बदलतो. साठीत बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं आणि पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. त्यांच्या वाचनाच्या खुर्चीशेजारी वेगळा दिवा हवा, आणि पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर गुडघ्याच्या उंचीला एक छोटा पिवळा दिवा. इलेक्ट्रिशियनला हे पॉइंट प्लास्टर होण्याआधीच खडूने खुणा करून दाखवावेत. नंतर भिंत फोडावी लागते.