ऑनलाइन वस्तू विकताय? पैसे घ्यायला पिन लागत नाही!

ट्रॅकसाठी हौसेने घेतलेली चार हलकी अलॉय व्हील्स इगतपुरीच्या घरी न वापरताच पडून होती. शेवटी ऑनलाइन विकायला काढली. फोटोसोबत साइज, पीसीडी आणि ऑफसेटही टाकला, कारण ही मापं जुळली नाहीत तर व्हील गाडीला बसत नाही.

थोड्याच वेळात फोन आला. "दादा, न बघताच घेतो. क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील."

स्कॅन केलं, तर स्क्रीनवर 'पे' दिसलं. तिथेच थांबलो.

लक्षात ठेवा, यूपीआयवर पैसे घेताना पिन लागत नाही. तिथे पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. समोरच्याच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, खातं तपासूनच वस्तू द्या. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा.