जूनमधला खर्च

पऱ्हाटीचा हिशेब आपण वर्षानुवर्षं एकरी क्विंटलमध्येच केला. पेरणीआधी कृषी केंद्राच्या उधारीच्या वहीत किती आकडा चढला, हे क्वचितच कुणी विचारलं. विदर्भातली गेली वीस-बावीस वर्षं मला तरी त्या वहीवरूनच समजतात.

देशी कापसाची सरकी घरचीच असायची. संकरित वाणांनी ती सवय मोडायला घेतली आणि मार्च 2002 मध्ये बोंडअळीला रोखणाऱ्या बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर ती पुरती मोडली. 450 ग्रॅमची थैली सुरुवातीला सोळाशेच्या वर जायची. आंध्र प्रदेश सरकार किमतीवरून भांडलं, तेव्हा 2006 मध्ये ती साडेसातशेवर आली. पहिली काही वर्षं फवारण्या खरोखर कमी झाल्या, हे मान्य करायलाच हवं. पण 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटीची बोंडंही पोखरली आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. महागडं बियाणंही घ्यायचं आणि वर औषधंही मारायची, असा दुहेरी खर्च अंगावर आला.

अमरावतीकडच्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर नेमकं या रोख खर्चावर बोट ठेवत होते. मुख्य पिकाचा खर्च आंतरपिकातून निघावा, हा त्यांच्या ‘झिरो बजेट’ शेतीचा अर्थ. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2019 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या शेतीचा उल्लेख झाला.

एक गोष्ट मात्र या कौतुकात राहून गेली. या शेतीतलं द्रावण बनवायचं तर दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर बांधावरची माती; दोनशे लिटरच्या ड्रममध्ये ते सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. मग तेच बादलीने तासातासांत न्यायचं. शिवाय तणनाशक नाही म्हटलं की निंदण वाढतं. दुकानातला खर्च घटतो, पण घरातल्या बाईचे कष्ट वाढतात, आणि तिची मजुरी कुठल्याच वहीत चढत नाही. ती धरली तर ‘झिरो’ हा शब्द मला पटत नाही. तरी कर्जाच्या तुलनेत हा मार्ग मी बरा मानतो, कारण पाऊस दगा देतो तेव्हा उधारी माफ होत नाही.

रासायनिक शेती सोडून इकडे वळताना पहिली दोन-तीन वर्षं सगळ्यात जड जातात. उतारा घटतो आणि सेंद्रियचं प्रमाणपत्र अजून हातात नसतं. 2015 च्या परंपरागत कृषी विकास योजनेने गटातल्या शेतकऱ्यांसाठी तीन वर्षांत हेक्टरी 50 हजारांची तरतूद केली, ती याचसाठी. पण वेगळी खरेदी जवळ नसेल, तर विषाविना पिकवलेला कापूसही त्याच जिनिंगच्या आवारात, त्याच ढिगावर आणि त्याच भावाने रिता होतो.